गाडी घरी ठेवा, मावळ पायी बघा

देहूरोड स्टेशनावर लोणावळ्याकडची लोकल धरायची. पुढच्या तासाभरात खिडकीतून किंवा खिडकीपलीकडे जरा चालून काय काय गाठता येतं, ते बघा: ठिकठिकाणची प्राचीन लेणी, जागतिक वारशाच्या यादीतला एक किल्ला, त्याहून उंच असा त्याचा शेजारी, तुकोबांच्या एकांताचे डोंगर, इंग्रजी फौजेला शरणचिठ्ठी लिहून द्यावी लागली ते गाव आणि शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईला वीज पुरवणारी तळी. यातल्या एकाही ठिकाणासाठी स्वतःची गाडी लागत नाही. लोकल, पीएमपीची बस, एसटी आणि कामशेत-लोणावळ्याच्या नाक्यावर 'चला, एक सीट, एक सीट' म्हणून ओरडणारी वडापची जीप, एवढ्यावर अख्खा मावळ पायाखाली येतो.

जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यात द्राक्षमळ्यांच्या उतारांवरून ३६५ किलोमीटरची पायवाट आखली आहे. लोक एका गावातून चालायला लागतात, दुसऱ्या गावात उतरतात आणि बसने किंवा रेल्वेने घरी जातात. आपल्याकडे इंद्रायणी आणि पवनेची खोरी आहेत, द्राक्षांच्या जागी भात आहे आणि पायवाटा तर कुणी आखायच्या आधीपासून आहेत. बसने जाण्याचा खरा फायदाही तोच. गाडी पायथ्याशी लावली की त्याच वाटेने परत यावं लागतं. बसने गेलात तर डोंगराच्या एका अंगाने चढा आणि दुसऱ्या अंगाने उतरा, कोण अडवतंय?

पहिला डोंगर घराशेजारचाच

देहूरोड म्हटलं की लष्कराचा डेपो आणि कँटोन्मेंट आठवतं. पण २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती इथे स्वतःच्या हाताने बसवली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. दर २५ डिसेंबरला इथे मोठी गर्दी लोटते.

तिथून जवळच, जुन्या पुणे-मुंबई रस्त्याला लागून घोरावडेश्वराचा डोंगर आहे. निगडीहून तळेगाव-वडगावकडे जाणारी बस पायथ्यावरून जाते, लोकलने आलात तर बेगडेवाडी स्टेशन जवळ. पायऱ्या चढून गेलं की शेलारवाडीची लेणी. मुख्य लेण्यात आज महादेवाची पिंड आहे, महाशिवरात्रीला जत्रा भरते. आणि इथल्या एका लेखाइतका गोड लेख साऱ्या सह्याद्रीत मला दुसरा माहीत नाही. हे लेणं दान दिलं ते धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या बायकोने. तिचं नाव सियागुतनिका. राजा नाही, सेनापती नाही, शेतकऱ्याची कारभारीण! दीड-दोन हजार वर्षांपूर्वी तिने डोंगरात दगडी घर कोरवून घेतलं आणि तिचं नाव अजून तिथे आहे. ब्राह्मी वाचता येत नसली तरी त्या ओळींसमोर दोन मिनिटं थांबा.

वर पोचल्यावर खाली बघा. जुना हमरस्ता, रेल्वे, द्रुतगती मार्ग आणि गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम, सगळं एका नजरेत मावतं. अर्ध्या दिवसात उरकणारा डोंगर आहे, मुलांना पहिला ट्रेक म्हणून इथेच न्या.

तुकोबांचा डोंगर

तुकाराम महाराजांच्या एकांताच्या जागा म्हणून तीन डोंगर सांगतात: भंडारा, भामचंद्र आणि हा घोरावडेश्वर. भंडारा इंद्रायणीच्या पलीकडे, इंदुरीजवळ, तळेगाव-चाकण रस्त्यावर. इंदुरीपर्यंत बस मिळते. वर मोटारीचा रस्ता गेला आहे, पण पायवाटेनेच चढा. माघ शुद्ध दशमीला इथे मोठा सोहळा असतो, कारण तुकोबांना गुरूपदेश झाला ती हीच तिथी. या डोंगराच्या अंगाला बौद्ध लेणीही आहेत. शेलारवाडी काय, भंडारा काय, आधी भिक्षू आणि मग वारकरी, दोघांनाही बसायला एकच डोंगर आवडला.

देहूहून पंढरपूरला पालखी नेण्याची प्रथा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली. म्हणजे 'देहूहून चालत निघणं' या गोष्टीला सव्वातीनशे वर्षांहून मोठी परंपरा आहे. तुम्ही-आम्ही पाठीवर सॅक टाकून निघतो, ते त्याच गावच्या वेशीवरून.

इंद्रायणीच्या पात्रातला कुंडमळा याच टापूत. वाहत्या पाण्याने आणि त्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी काळ्या कातळात कोरलेले रांजणखळगे बघायचे असतील तर हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात जा. जून २०२५ मध्ये इथला जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार माणसं गेली. पावसाळ्यात नदीचं पात्र लांबूनच बघायचं, यात सूट नाही.

वडगावला एक मिनिट थांबा

चालायला फार काही नाही, पण खिडकीतून हात जोडावा असं गाव आहे. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून आलेली इंग्रजी फौज तळेगावपर्यंत पोचली. पुढे गाव जाळून उजाड केलेलं, दाणागोटा नाही. तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडली. १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. कार्ल्याजवळ ४ जानेवारीला तोफेच्या गोळ्याने पडलेला कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांच्या तोंडी 'इष्टुर फाकडा' झाला. शत्रूच्या शौर्यालाही असं लाडकं नाव द्यायचं मोठं मन त्या लोकांकडे होतं. त्याचं थडगं वडगावातच आहे.

आणि वडगावची दुसरी कीर्ती तुमच्या ताटात आहे. इंद्रायणी तांदूळ इथल्याच भात संशोधन केंद्रात जन्मला. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला हा वाण १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. ऑगस्टमध्ये कामशेतपासून पुढे ज्या हिरव्या खाचरांच्या बांधावरून आपण चालतो, त्यातल्या कितीतरी खाचरांत हाच भात असतो. फोटोसाठी खाचरात उतरू नका. बांध ही शेतकऱ्याची वाट आहे, तिच्यावरून एकामागोमाग एक चालावं.

तळेगाव-मावळच्या पॉलीहाउसांतले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात, व्हॅलेंटाइन डेच्या मोसमात. आणि तळेगावात लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला होता. स्वदेशीच्या चळवळीतलं ते एक खणखणीत काम.

मळवली: एका स्टेशनात चार दिवसांचा खजिना

मावळातल्या सगळ्या स्टेशनांत कुठलं एकच निवडायचं असेल, तर मळवली. लहानसं स्टेशन, बाहेर चहाच्या टपऱ्या. उत्तरेला कार्ले, दक्षिणेला भाजे, लोहगड, विसापूर. चौघांपैकी कुठेही चालतच जाता येतं.

आधी कार्ले. भारतातला सर्वांत मोठा कोरीव चैत्य हाच: सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे सावकाराने, हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं दारातच कोरून ठेवलं आहे, आणि ते आजही कुणाला खोडता आलेलं नाही. आत गेल्यावर खांबांवर नजर खिळते, पण तिथून ती छताकडे न्या. कमानीसारख्या वाकवलेल्या लाकडी फासळ्या दिसतील. त्या मूळच्याच आहेत. दोन हजार पावसाळे, वटवाघळं, धूर, गर्दी, सगळं सोसून लाकूड जागच्या जागी आहे. स्तूपावरचं छत्रही लाकडीच. खांबांवरची दात्यांची नावं म्हणजे त्या काळची बाजारपेठच: सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, दार घडवणारा सुतार आहे आणि कितीतरी 'यवन', म्हणजे समुद्रापलीकडून आलेले लोक आहेत. यातले बरेच जण त्याच धेनुकाकटचे, जिथली आपली सियागुतनिका. चैत्याच्या दाराशीच एकवीरा आई. कोळी-आगरी मंडळींचं हे कुलदैवत. चैत्रात यात्रेला कोकणातून लोक लोटतात, तेव्हा लेण्यापर्यंतच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. लेणी निवांत बघायची असतील तर यात्रेचे दिवस सोडून या. देवीची गर्दी अनुभवायची असेल तर मुद्दाम तेव्हाच या.

कार्ल्याच्या लेखांवर काम करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी हे मोठे गणिती. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी आणि पुण्यात घर, त्यामुळे वर्षानुवर्षं डेक्कन क्वीनने ये-जा. आणि सुट्टीला काठी घेऊन याच डोंगरांत पायपीट. जुने व्यापारी मार्ग, लेणी आणि गावदेव्यांची ठाणी यांचा संबंध त्यांनी चालून चालून जुळवला. धेनुकाकट नेमकं कुठे होतं, या कोड्यावरही त्यांनी लिहिलं. भारतीय इतिहासलेखनाला वळण देणाऱ्या या माणसाची प्रयोगशाळा म्हणजे लोणावळा लाइनवरची ही स्टेशनं. शाळेच्या सहलीत मुलांना हे सांगायलाच हवं.

भाजे कार्ल्याहूनही जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. स्टेशनातून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव, तिथून पायऱ्या. एकूण बावीस लेणी. इथल्याही लाकडी फासळ्या जुन्या आणि त्यांतल्या दोघींवर चक्क ब्राह्मी अक्षरं सापडली आहेत. मुख्य चैत्यापासून जरा पुढे चौदा स्तूपांचा एक घोळका आहे, निधन पावलेल्या भिक्षूंच्या आठवणीचा. काहींवर त्यांची नावं आहेत. सगळ्यांत शेवटच्या बाजूच्या विहारात जा. दाराच्या एका अंगाला रथात बसलेला देव, दुसऱ्या अंगाला हत्तीवरचा. अभ्यासक त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात. इंद्राच्या शिल्पात खाली कोपऱ्यात एक बाई जोडवाद्यावर थाप देते आहे आणि दुसरी नाचते आहे. तबल्यासारखं दिसणारं ते वाद्य बघायला तबलावादक मुद्दाम येतात. शिल्प हातभरही नाही, पण त्या नाचणारीचा कमरेत वळलेला तोल बघितला की ठेका ऐकू येतो.

भाज्यावरून वाट चढत गायमुख खिंडीत येते. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. लोहगडाला महादरवाजापर्यंत बांधीव पायऱ्या, एकामागोमाग गणेश, नारायण, हनुमान अशी दारं. मागच्या अंगाला विंचूकाटा: दीडेक किलोमीटर लांब आणि तीसेक मीटर रुंद अशी डोंगराची सोंड, वरून पाहिली की विंचवाची नांगी. शिवरायांनी १६४८ साली हा किल्ला स्वराज्यात आणला, पुरंदरच्या तहात १६६५ साली तो मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये परत घेतला. गडावरची सोळा कोनांची बाव नाना फडणवीसांच्या काळातली. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात लोहगड आहे. रायगड, राजगड, शिवनेरीच्या पंगतीत बसलेला आणि लोकलने गाठता येणारा हा किल्ला.

विसापूरला यादीत जागा नाही आणि पायऱ्यांची चैनही नाही, पण तो शेजाऱ्याहून उंच आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी हे बरोबर हेरलं. आधी विसापूर घेतला. वरून तोफा रोखता येतात म्हटल्यावर लोहगड लढाईविनाच पडला. विसापूरच्या पठारावर तटबंदी, पाण्याची टाकी, जोती विखुरलेली आहेत आणि धुक्यात वाट हमखास चुकते. पावसाळ्यात चढायच्या वाटेवरूनच ओढा वाहतो, गुडघाभर पाण्यातून दगडांवर पाय ठेवत वर जायचं. सगळ्यांना आवडतं, पण घसरतातही पुष्कळ जण. शनिवार-रविवारी भाज्याच्या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागते. मळवलीहून चालत येणारे त्या रांगेच्या कडेने पुढे निघून जातात.

कामशेतहून पवनेकाठी

कामशेत स्टेशनाबाहेर पवनानगरकडे जाणारी एसटी किंवा जीप मिळते. पवनानगरला जुनी माणसं अजून काळे कॉलनीच म्हणतात, आणि कंडक्टरही. वाटेत बेडशाच्या फाट्यावर उतरा. बेडसे लेणी पूर्वाभिमुख, म्हणून पहिल्या गाडीने यावं. सकाळचं ऊन थेट ओसरीत शिरतं आणि चार उंच खांबांच्या माथ्यावरचे हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर रेलून बसलेली जोडपी उजळतात. खांब घटातून उगवल्यासारखे. शेजारचा विहारही वेगळा: एरवी विहार चौकोनी असतात, हा मागे अर्धगोल आणि वर कमानदार छत. कार्ल्याच्या गर्दीच्या शतांश माणसं इथे येतात. बहुतेक वेळा तुम्ही आणि पहारेकरी, दोघंच.

पुढे तिकोना. नाव घेताच आकार कळतो. तिकोना पेठेतून चढ सुरू होतो, वाटेत मोठा कोरीव मारुती लागतो, पायाखाली राक्षसीण घेतलेला आणि थप्पड उगारलेला, म्हणून चपेटदान मारुती. त्याच्याजवळच चुन्याचा घाणा. दगडात गोल चर खणलेला आणि त्या चरात उभं फिरणारं जड दगडी चाक. बैल जुंपून चाक फिरवायचं, चुना मळून निघायचा आणि तोच तटात भरायचा. किल्ले बांधले म्हणजे नेमकं काय केलं, हे या घाण्यापाशी एका दमात कळतं. शेवटच्या पायऱ्या इतक्या उभ्या की हात टेकावेच लागतात. माथ्यावरून पवना जलाशय, त्यामागे तुंगचा सुळका, इकडे लोहगड-विसापूर. मला मावळातलं सर्वांत देखणं दृश्य हेच वाटतं, लोहगडाचं नाव कितीही मोठं झालं तरी.

तुंग म्हणजे गो. नी. दांडेकरांचा. तळेगावात राहून हा मनुष्य आयुष्यभर किल्ले चालला. 'पवनाकाठचा धोंडी' ही त्यांची कादंबरी तुंगच्या हवालदाराची, आणि 'माचीवरला बुधा' राजमाचीची. दोन्हींवर चित्रपट झाले. एकेका किल्ल्याला एकेक कादंबरी मिळालेला हा तालुका. तुंगला लोणावळ्याहून भांबर्डे-आंबवण्याकडच्या एसटीने घुसळखांब फाट्यावर उतरायचं आणि सात-आठ किलोमीटर चालायचं. आधी कादंबरी वाचा, मग जा. अंतर कमी वाटतं.

लोणावळा: गर्दीच्या पाठीमागे

लोकल इथे संपते. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली आणि तेव्हापासून ट्रेकरांच्या पिढ्या तिने वाहून नेल्या.

राजमाची पॉइंट आणि राजमाची किल्ला ही दोन वेगळी ठिकाणं, हे आधी लक्षात घ्या. पॉइंट रस्त्यालगत. किल्ला लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे पंधरा-सोळा किलोमीटर चालून गेल्यावर. चढ फारसा नाही, जंगल आहे, ओढे आहेत. उधेवाडी गावात पोचलं की डोक्यावर दोन बालेकिल्ले: श्रीवर्धन आणि मनरंजन. गावात आधी कळवलं तर पिठलं-भाकरी, तांदळाची भाकरी, लोणचं मिळतं. मे महिना संपता संपता, वळवाच्या सरी आल्या की इथे काजवे पेटतात. झाडंच्या झाडं एका तालात लुकलुकतात. नर काजव्यांचं माद्यांना हे बोलावणं असतं आणि टॉर्च-मोबाइलच्या उजेडाने ते विस्कटतं. म्हणून दिवे बंद ठेवा, फांद्या हलवू नका आणि त्यांना बाटलीत तर मुळीच भरू नका.

आता इथेच बसचा फायदा घ्या. आल्या वाटेने परतू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कोकणाच्या बाजूने उतरा. उतारावर कोंढाणे लेणी लागतील. तिथल्या एका यक्षाच्या डोक्याजवळ लेख आहे: कान्ह याचा शिष्य बलक याने हे घडवलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची सही! दात्यांची नावं सगळीकडे सापडतात, हातोडी-छिन्नीवाल्याचं क्वचितच. खाली कोंदिवड्यातून कर्जत, आणि कर्जतहून रेल्वेने बोरघाट चढत परत.

तो घाटही बघण्यासारखा. चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लावायची, त्या थांब्यावर कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध झाला. घाटाचं काम १८५६ ते १८६३ चाललं, एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते, हजारो पटकीने आणि अपघातांनी मेले. १८५९ मध्ये काम घेतलेला ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर महिन्याभरातच गेला. मग त्याची बायको ॲलिस हिने ठेका आपल्या नावावर घेतला आणि काम तडीस नेलं. शेलारवाडीची शेतकरीण आणि बोरघाटातली ठेकेदारीण, एकाच रुळावरच्या या दोन बायका शाळेच्या पुस्तकात यायला हव्यात.

इंद्रायणी उगवते ती लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या डोंगरात. याच कुरवंडे घाटाने १६६१ साली कारतलबखान फौज घेऊन कोकणात उतरला आणि २ फेब्रुवारीला उंबरखिंडीत शिवरायांनी त्याला कोंडलं. कुरवंड्याहूनच नागफणीला जायची सोपी वाट आहे. इंग्रजांना त्या सुळक्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं, गावाला नागाचा फणा. एकदा बघा, गावाचं नाव जास्त जुळतं.

वळवण, लोणावळा आणि शिरवटा ही तळी टाटांनी बांधली. इथलं पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ साली तिथे वीज तयार होऊ लागली. मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरल्या. भुशी धरण त्याहून जुनं, रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. तिथल्या पायऱ्यांवरचं पाणी सगळ्यांना ओढतं. पण जून २०२४ मध्ये धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात सर पडली की खाली पाणी काही मिनिटांत चढतं. पाण्याच्या मध्ये उभं राहू नका, आणि पोलिसांनी हटकलं तर वाद घालू नका.

कोरीगडालाही लोणावळ्याहून एसटी आहे, पेठ शहापूरला उतरायचं. तासाभराचा चढ, माथ्यावर दोन तळी, अजून शाबूत असलेली तटबंदी आणि तिच्यावरून पूर्ण फेरी मारता येते. नवख्यांना मी हाच सुचवेन.

आणि एक, सगळ्यांसाठी नसलेली

नाणे मावळात कामशेतहून जांभिवलीला एसटी जाते. तिथून कोंडेश्वराचं देऊळ आणि पुढे ढाकचा बहिरी. कोंडेश्वरापर्यंत कुणीही जावं. पुढची वाट कातळकड्यावरची, दोर आणि खोबणीतले हात-पाय यांच्या भरवशावर बहिरीच्या गुहेत पोचायचं. गुहेत पाण्याचं टाकं आहे आणि स्वयंपाकाची भांडी. वापरायची, घासून परत ठेवायची. कुलूप नाही, पहारा नाही. जाणकार सोबत नसेल तर कोंडेश्वरालाच नमस्कार करून मागे फिरा, पावसाळ्यात तर पुढे जाऊच नका.

निघायच्या आधी

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली, तेव्हापासून ती गावोगावी पोचली आहे. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास. म्हणजे आजी, आई आणि लेक अशा तिघी बेडसे बघून आल्या तरी खर्च चहा-वड्याएवढाच. लोकलचं तिकीट त्याहून स्वस्त. दुपारी काही तास लोकल विरळ असतात, म्हणून वेळापत्रक बघूनच परतीचा बेत करा. आडगावच्या एसट्या दिवसातून मोजक्याच. काही तर मुक्कामी असतात, संध्याकाळी येणार आणि पहाटे सुटणार. उतरताना कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारून घ्या आणि तिच्या अर्धा तास आधी फाट्यावर या.

सुटे पैसे, दोन लिटर पाणी, टॉर्च आणि कचरा परत आणायला एक पिशवी, एवढं पुरे.

एक विनंती मात्र मनापासून आहे. या आडवाटांच्या एसट्या प्रवासी असले तरच चालतात. जांभिवलीच्या शाळकरी पोरांना, पवनानगरच्या बाजाराला निघालेल्या बायकांना त्यांचाच आधार आहे. रविवारी आपण दहा-बारा जणांनी त्या गाडीचं तिकीट काढलं, तर आपला डोंगर होतो आणि त्यांची गाडी टिकते. येत्या रविवारी मोटारीची किल्ली खुंटीवरच राहू द्या आणि देहूरोडहून सकाळची पहिली लोकल धरा.